नेच्यांच्या माळावर संपलेल्या लगोऱ्या

१

लगोरीच्या सर्वांत खालच्या दगडाच्या पोटावर दगडफूल होतं. करड्या हिरव्या रंगाचं, कडेला बारीक झालर असलेलं, अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं. नकाशेवालीनं दगड कलता केला आणि नखानं झालरीची कड हळूच उचलून पाहिली. कड मऊ होती, मोडली नाही. म्हणजे दगडफूल अजून जिवंत होतं. त्याला उजेड लागतो. ते दगडाच्या पाठीवर वाढतं, पोटावर नाही. तेव्हा हा दगड अगदी आत्ताआत्तापर्यंत कुठंतरी आभाळाकडे तोंड करून पडलेला असणार, आणि कुणीतरी तो इथं आणून पालथा घातला असणार.

तिनं दगड होता तसा ठेवला.

समोर चिरेतून धुकं वर येत होतं. गावामागचा डोंगर जिथं दुभंगला होता, त्या अरुंद आणि खोल दरीला सगळे नुसतं 'चीर' म्हणत. चिरेत आवाज उशिरा पोचतात. आपण बोललेलं आपल्यालाच थोड्या वेळानं, दुसऱ्याच कुणी बोलल्यासारखं ऐकू येतं. तिथून परतलेली माणसं काही वेळ हळू आवाजात बोलतात.

चिरेच्या तोंडाशी वाटेला फाटा फुटतो. डावी वाट तांबूस कड्यांमधून ओढ्याच्या काठाकाठानं जाते आणि शेवटी लोखंडी शिडीनं पठारावर निघते. उजवी वाट रानातून मोठा वळसा घालून त्याच पठारावर पोचते. ती जुनी लाकूडतोड्यांची वाट, आता मोडल्यासारखीच. कुठली धरायची हे सांगायला फाट्यावर दगडांची लगोरी असते. मुलं खेळात रचतात तशीच, फक्त ही कुणी पाडायची नसते.

ती कुणीतरी पाडली होती. डाव्या वाटेवरच्या लगोरीचे दगड एका बाजूला विखुरले होते. उजव्या बाजूला, छातीएवढ्या उंच खडकावर, नवी लगोरी ऐटीत उभी होती.

परवा धुक्यात एक पाहुणी एकटीच इथवर आली, नवी लगोरी पाहून रानात शिरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका घळीत सापडली. खांद्याचं हाड मोडलेलं, ओठ थंडीनं निळे. तिच्या खिशात नकाशेवालीनं काढलेला नकाशा होता आणि तो चिरेचीच वाट दाखवत होता. पण या गावात हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे पाहुण्यांना एक वाक्य ऐकवतात : नकाशा चुकेल, लगोरी चुकणार नाही. ते वाक्य नकाशाच्या पाठीवरही छापलेलं होतं. नकाशेवालीच्याच हस्ताक्षरात.

"अस्वलाचं काम असेल," मागे उभा असलेला वनरक्षक म्हणाला.

"अस्वल एक लगोरी पाडेल. दुसरी रचत बसणार नाही."

"तेही खरंच." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्यावर संशय घेऊ नका म्हणजे झालं. चीर बंद करा, बंद करा म्हणून मीच वर्षभर ओरडतोय. आता गावसमितीचे अध्यक्षही तेच म्हणतात. कोणी केलं ते कळलं नाही तर उद्याच्या बैठकीत चिरेला कुलूप."

"शिडी कशी आहे?"

"ठणठणीत. कालच चढून आलो. एक खिळा सैल नाही. का हो?"

नकाशेवाली जमिनीवर विखुरलेल्या दगडांकडे पाहत होती. चांगले चपटे, लगोरीसाठीच निवडलेले दगड होते. पायाशी पडलेले. आणि नवी लगोरी रचणाऱ्यानं त्यातला एकही घेतला नव्हता.

२

दवाखान्याच्या खिडकीतून रान दिसत होतं. पाहुणी उशीला टेकून बसली होती. खांदा बांधलेला आणि चेहऱ्यावर अजून थोडं धुकं राहिल्यासारखं.

"मला राग नाही आला हो कुणाचा," ती म्हणाली. "इतकं सुंदर होतं ते रान. झाडं दिसायची नाहीत, नुसते बुंधे. एक लगोरी मागे पडली की पुढची धुक्यातून आपोआप उगवायची. कुणीतरी पुढे चालत असावं आणि माझ्यासाठी खुणा ठेवत असावं, असं वाटत होतं."

"लगोऱ्या कुठं होत्या? वाटेच्या कडेला?"

"खडकांवर. सगळ्या माझ्या छातीशी, खांद्याशी. फडताळात डबे मांडावेत तशा."

"एकही खाली जमिनीवर नव्हती?"

पाहुणीनं डोळे मिटून आठवलं. "नाही. एकही नाही."

"आणि मग?"

"मग नेच्यांचा माळ आला. कमरेएवढे नेचे आणि वर धुकं. तिथं लगोऱ्या संपल्या. मी सरळ चालत राहिले, आणि पुढे जमीनच नव्हती."

नकाशेवालीनं त्या माळाचं मोजमाप स्वतः केलं होतं. रानातल्या सगळ्या वाटेवर चुकण्यासारखी जागा तेवढी एकच. माळाच्या पलीकडे वाट उजवीकडे वळते, आणि वळण चुकलं की घळ. खुणा करायच्याच होत्या तर तिथं आधी करायला हव्या होत्या. ज्याला कुणाला फसवायचं होतं त्यानं एवढी मेहनत कशाला घेतली असती? आणि ज्याला वाट दाखवायची होती, त्यानं नेमक्या त्याच जागी हात का आखडता घेतला?

"त्या माळावर खडक आहेत का हो?" पाहुणीनं विचारलं, नुसतं बोलायचं म्हणून.

नकाशेवाली उठता उठता थांबली. माळावर मूठमूठभर दगड पुष्कळ होते, नेच्यांच्या मुळाशी. खडक मात्र एकही नव्हता.

३

रानवाटेच्या शेवटी पठारावर लॉज होतं. ते चालवणारी बाई सगळ्या गावाची मावशी. ती पायऱ्यांवर बसून चादरींच्या घड्या घालत होती.

"ये. चौकशीला आलीस ना? सगळं गाव म्हणतंय, गिऱ्हाईक वळवायला मावशीनंच केलं."

"केलंस का?"

"केलं असतं तर नीट केलं असतं." मावशीनं चादर झटकली. "अगं, माझ्या दाराशी पोचण्याआधीच गिऱ्हाईक घळीत पाडून माझं काय भलं होणार? लगोऱ्या माळाच्या अलीकडेच संपतात. लग्नाला बोलवायचं आणि कार्यालयाचा पत्ताच द्यायचा नाही, असा प्रकार."

नकाशेवालीला हसू आलं. मावशीचं म्हणणं तर्काला धरून होतं.

"हल्ली मात्र," मावशी चादरीच्या कडा जुळवत म्हणाली, "घोरपड त्याची माणसं रानातूनच आणतो. विचारलं तर म्हणतो, शिडी हलते."

घोरपड म्हणजे नकाशेवालीचे थोरले दीर. चिरेचे वाटाडे. कड्याला असे चिकटून चढत की तरुणपणीच हे नाव पडलं आणि घट्ट बसलं. धाकटा भाऊ गेल्यावर त्यांनी भावजयीला वरची खोली दिली होती, उत्तरेच्या उजेडाची, नकाशे काढायला. खाली ते आणि त्यांची मुलगी राहत. मुलीला सगळे चिमणी म्हणत. बापाच्या मागे चालत चालत तिनं चीर तोंडपाठ केली होती आणि वाटाड्याची परीक्षाही दिली होती. पण चिरेला वाटाड्या एकच असतो आणि त्या मानाचा दोर पुढच्याला द्यायचा की नाही, हे आधीच्या वाटाड्यानं सांगायचं असतं. दर हंगामाच्या तोंडाशी अध्यक्ष विचारत आणि दर वेळी घोरपड म्हणत, घाई काय आहे. आता दूरच्या तळ्याकाठच्या एका गावानं चिमणीला बोलावलं होतं. आठवड्याच्या आत हो की नाही कळवायचं होतं.

नकाशेवाली चौकात पोचली तेव्हा मनोऱ्याचं घड्याळ बाराचे ठोके देत होतं. बारा वाजले की तबकडीवरची दोन दारं उघडतात आणि लाकडी माणसं बाहेर येऊन घणानं घंटा ठोकतात. गावकऱ्यांनी जन्मभर पाहिलंय, तरी चौकातले सगळे माना वर करतात. भाजीवाली, पोस्टमन, काखेतलं पोर, सगळे.

भावोजी तेवढे समोरच्या चपलांच्या दुकानाकडे पाहत होते.

"काय नकाशाबाई," ते तिला पाहून म्हणाले. "कुठं पेंड खातंय घोडं, सापडलं का?"

"शोधतेय. भावोजी, तुम्ही लोकांना रानातून नेता म्हणे."

"शिडी हलते ती. तुझ्या नकाशातून पुसून टाक." त्यांनी पाय उचलून कारंज्याच्या उंच कट्ट्यावर ठेवला आणि सुटलेली नाडी ताठ पाठीनं बांधली. मग दुसरा पाय. चहावाल्यानं पेला दिला तर म्हणाले, "अर्धाच दे रे. मग परत अर्धा दे."

"पूर्ण घेतला तर काय होईल?" चहावाल्यानं विचारलं.

"तुला दोनदा माझं तोंड पाहायला मिळणार नाही."

चहावाला हसला. नकाशेवालीही हसली, पण तिचं लक्ष पेल्याकडे होतं. पेल्याचा तळ गाठायला मान मागे टाकावी लागते. भावोजींनी तळाशी दोन घोट ठेवले आणि पेला तसाच परत केला.

४

दुपारी चिमणी वर आली आणि दाराशीच उभी राहिली.

"काकू, तुझी शोधाशोध थांबव. मी अध्यक्षांना सांगून आले. लगोऱ्या मी हलवल्या."

नकाशेवालीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. खोलीत कागदाचा आणि शाईचा वास होता. खिडकीतून धुक्याची एक पट्टी छपरांवरून चालली होती.

"काय म्हणाले अध्यक्ष?"

"उद्या बैठकीत सगळ्यांसमोर सांग म्हणाले. मग वाटाड्याचा दाखला रद्द. कायमचा. इथलाही आणि तळ्याकाठचाही, ते कळवणार आहेत तिकडे."

"आणि केलंस कशासाठी?"

"बाबांचं नाव खराब व्हावं म्हणून. म्हणजे दोर मला मिळेल." वाक्य पाठ केल्यासारखं आलं.

"बस."

"बसायला नाही आले."

"बस गं, चौकशी काय आहे ती उभ्यानं होत नाही." नकाशेवालीनं स्टूल पुढे सरकवलं. "फाट्यावर लगोरी रचलीस ती कुठल्या दगडांची?"

"कुठल्या म्हणजे? तिथल्याच. जुनी पाडली, त्याच दगडांची नवी रचली. एवढे चांगले दगड पायाशी असताना दुसरे कोण शोधत बसेल?"

"हो ना," नकाशेवाली म्हणाली. "कुणीही शोधत बसणार नाही."

चिमणी तिच्याकडे पाहत राहिली. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे तिला कळलं, काय ते कळलं नाही.

"जुने दगड अजून तिथंच पडलेत, चिमणे. नव्या लगोरीतल्या दगडांना दगडफूल आहे. वळणाआड खाणीची जुनी भिंत आहे बघ, कमरेच्या वर येणारी, तिच्या माथ्यावरचे दगड आहेत ते. आत्ता जाऊन भिंत पाहून आले. माथ्यावर ठिकठिकाणी खळगे पडलेत. तू तिकडे गेलीच नव्हतीस."

खाली घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चिमणीनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"तुला कधीपासून माहीत आहे?" नकाशेवालीनं विचारलं.

"काही माहीत नाही मला."

"खोटं बोलायचं तर बापाकडून शिक. तो निदान हसत बोलतो."

चिमणीचे डोळे भरून आले. "ते खुर्चीत बसून झोपतात, काकू. आडवे होत नाहीत. मी विचारलं तर अंगावर आले. पण लगोऱ्या त्यांनी का हलवाव्यात ते मला खरंच कळत नाही. एवढंच कळतं की दुसरं कुणी नाही. आणि गावासमोर त्यांचं असं झालेलं मला बघवणार नाही."

५

ती गेल्यावर नकाशेवाली खिडकीशी बसून राहिली. डोंगर अर्धा दिसत होता, अर्धा नव्हता. न दिसणारा अर्धा कसा असेल, हे दिसणाऱ्या अर्ध्यावरून काढायची तिला सवय होती. नकाशा म्हणजे तेच.

जमिनीवरचे दगड सोडून भिंतीवरचे घेणारा माणूस. लगोरी छातीच्या उंचीवर रचणारा. खडक संपले की खुणा संपवणारा, कारण माळावर लगोरी रचायची तर वाकावं लागलं असतं. जुनी लगोरी हातानं उचकटलेली नव्हती, दगड एकाच बाजूला उडाले होते. लाथेनं पाडली होती. नाडी बांधायला जमिनीपर्यंत न जाणारा माणूस, घंटा वाजली तरी वर न बघणारा, आडवा न होणारा. ज्याला मान खालीही नेता येत नाही आणि वरही नेता येत नाही. आणि शिडी चढायची म्हणजे आधी वर पाहावं लागतं.

ती जिना उतरून खाली गेली. भावोजी टेबलापाशी बसून दोराची गुंडाळी करत होते. हात अजून सुरेख चालत होते. ती समोर बसली आणि तिनं पेन्सिल जमिनीवर सोडून दिली.

पेन्सिल घरंगळत त्यांच्या बुटापाशी थांबली.

"पडली तुझी," ते म्हणाले.

"देता का?"

त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं. डोळ्यांनीच, मान न हलवता. मग बुटानं ती अलगद तिच्याकडे ढकलली. नकाशेवालीही ती उचलायला खाली वाकली नाही. दोघं तसेच बसून राहिले, मध्ये पेन्सिल.

"मुद्दाम पाडलीस," भावोजी म्हणाले.

"हो."

"हुशार आहेस. माझा भाऊ म्हणायचा तसं." त्यांनी दोर बाजूला ठेवला. "मागच्या हंगामाच्या शेवटी सुरू झालं. शिडीच्या मधोमध होतो. वर पाहिलं आणि अख्खी चीर माझ्याभोवती फिरायला लागली. कडे, ओढा, आभाळाची पट्टी, सगळं. खाली पाच माणसं माझ्या भरवशावर. डोळे मिटून शिडी धरून राहिलो. त्यांना वाटलं, मी पाखरं ऐकतोय."

"आणि मग रानातून न्यायला लागलात."

"लोक विचारायचे ना, लगोरी तिकडे दाखवते आणि तुम्ही इकडे कुठं? प्रत्येकाला किती वेळा सांगू शिडी हलते म्हणून? लगोरीच हलवली, म्हणजे विचारायलाच नको. माळावर मी असतोच की सोबत, असा हिशेब केला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कुणी एकटं येईल हे डोक्यातच आलं नाही. लगोरीवर विश्वास ठेवा म्हणून आपणच सगळ्यांना सांगतो, आणि मीच विसरलो."

"मी तर ते छापलंय," नकाशेवाली म्हणाली.

त्यांनी बाजूचा दोर पुन्हा जवळ ओढला.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवून काय? म्हातारपणाला औषध असतं होय?"

"म्हातारपण नाही हे. असं मान हलवली की फिरतं ते बहुतेक कानातलं असतं. तोल सांभाळायला आत बारीक कण असतात, ते जागचे सुटतात. डॉक्टर डोकं ठरावीक रीतीनं फिरवून पुष्कळदा परत जागी बसवतात. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे, भावोजी."

ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना हसू फुटलं. त्या हसण्यात आनंद फारसा नव्हता. "म्हणजे एवढं सगळं रामायण कानातल्या कचऱ्यावरून?"

"नाही. न बोलण्यावरून." तिनं आवाज खाली आणला. "चिमणी अध्यक्षांना सांगून आली आहे, लगोऱ्या तिनं हलवल्या म्हणून."

दोराची गुंडाळी टेबलावरून घसरून जमिनीवर पडली. भावोजींचा हात तिच्याकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली, जणू शिडीच्या मधोमधच होते.

६

बैठक सकाळी होती. नगरभवनाच्या दगडी दालनात उंच खिडक्यांमधून उन्हाचे तिरपे पट्टे येत होते आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की माणसंही सावकाश बोलत होती. मावशी पुढच्या बाकावर होती. वनरक्षक दाराशी, टोपी हातात. नकाशेवाली भिंतीशी उभी होती. काल संध्याकाळी खालून एकही शब्द वर आला नव्हता. भावोजी बोलतील की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं. ते नाही बोलले तर मग तिला बोलावं लागणार होतं, आणि रात्रभर तिनं तीच वाक्यं जुळवली होती. एकही धड जुळलं नव्हतं.

अध्यक्ष पूर्वी मुख्याध्यापक होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुली, उभी राहा. काल मला सांगितलंस ते सगळ्यांना सांग."

चिमणी उभी राहिली.

"खाली बस," घोरपड मागून म्हणाले.

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका."

"बस म्हणतो ना. बापाचं ऐकायचं नाही असं कुठं लिहिलंय का?"

ते बाकांच्या मधून पुढे आले, ताठ मानेनं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं डोक्यावर असावं तसे. त्यांनी सगळं सांगितलं. शिडीवरची भोवळ, भिंतीवरचे दगड, माळ. सजवलं नाही आणि गाळलंही नाही. पाहुणीची माफी मागायला बैठकीआधीच दवाखान्यात जाऊन आलो, हे सांगितलं. तिथंच डॉक्टरनंही धरलं आणि पलंगावर आडवं पाडून डोकं गरागरा फिरवलं, हेही सांगितलं. तेव्हा मावशी हसली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"म्हणजे आता बरे झालात?" वनरक्षकानं विचारलं.

"डॉक्टर म्हणतो होईन. पुन्हा एकदोनदा जावं लागेल."

"मग काय प्रश्नच मिटला," कुणीतरी म्हणालं. "हंगामभर दंड म्हणून घरी बसवा, पुढच्या वर्षी चीर त्यांचीच."

अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मुलीवरचा आरोप निघाला. चीर बंद करायचंही कारण उरलं नाही. लगोऱ्या आजच जागेवर लावा, माळावरही खुणा करा. राहता राहिला वाटाड्या." त्यांनी घोरपडांकडे पाहिलं. "बरे होणार असाल तर समिती थांबायला तयार आहे. तुमच्याइतकी ती वाट कुणाला माहीत नाही."

चिमणी गुडघ्यांवरच्या हातांकडे पाहत होती. तिच्या मांडीवर तळ्याकाठच्या गावासाठी तिकीट लावलेलं पाकीट होतं.

नकाशेवालीला भावोजींचा चेहरा बाजूनं दिसत होता. सुटकेची वाट त्यांच्यासमोर होती, सोपी, सगळ्यांनी मिळून दिलेली. मग ते अध्यक्षांकडे पाठ करून लेकीकडे वळले.

"मी बरा झालो तरी तिथं पुढे चालणार नाही," घोरपड म्हणाले. "आजपासून चीर हिची."